कोल्हापुरात गरीब घरातल्या मुलांच्या मोफत उपचारांच्या योजना नक्की कोण चालवतं आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुमच्या फौंड्रीत कामाला असलेल्या एकाच्या दीड वर्षाच्या मुलीच्या हृदयाला छिद्र निघालंय, घरात केशरी रेशनकार्ड आहे, आणि अमेरिकेत गरीब मुलांसाठी चिप नावाचा वेगळा सरकारी विमा असतो असं तुम्ही वाचलंय, तर तसं आपल्याकडं काही आहे का, ते कोण चालवतं आणि त्याच्यावर लक्ष कोणाचं असतं.

मी आरबीएसकेच्या, म्हणजे अंगणवाडी-शाळेतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या, पथकात फार्मासिस्ट आहे, आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्यात, त्यामुळं हे रोजचं काम आहे. उत्तर लांबणार आहे. पण आधी त्या मुलीचं बघू. तिच्या वडिलांना सांगा की पैशाची जुळणी होईपर्यंत थांबू नका आणि कोणाकडून व्याजानं तर अजिबात उचलू नका. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, मुलीचा जन्माचा दाखला, दोघांची आधारकार्डं आणि रेशनकार्ड एका पिशवीत घाला आणि तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन आरबीएसकेची टीम कधी भेटेल एवढं विचारा. शहरात राहत असतील तर सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात जा. हृदयाच्या छिद्राचं ऑपरेशन योजनेतून मोफत होतं. आमच्या पथकानं पाठवलेली पोरं ऑपरेशन होऊन आज शाळेत जातात, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगते.

आता चिपचं. ती १९९७ ची योजना. तिथं एकदम गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा आधीपासून होता, पण ज्यांची कमाई मेडिकेडच्या मर्यादेच्या थोडी वर जाते आणि खासगी विमा घ्यायची तर ऐपत नाही, अशा घरातली पोरं मधल्यामध्ये राहायची, त्यांच्यासाठी ती काढली. पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात, चालवतं राज्य, नियम आणि तपासणी केंद्राची. म्हणजे तिथं मूल स्वतः योजनेत नोंदलेलं असतं. आपल्याकडं उपचारांच्या योजनेत नोंद असते ती कुटुंबाची, म्हणजे रेशनकार्डाची. हा फरक आधी लक्षात घ्या कारण पुढची निम्मी अडचण इथूनच सुरू होते.

मुलांसाठी म्हणून आपल्याकडं वेगळं जे आहे ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजेच आरबीएसके. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला आणि देशातली सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं. चार गोष्टी शोधायच्या, जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वं-रक्ताची कमतरता, लहानपणीचे आजार आणि वाढीतला उशीर. एका पथकात दोन आयुष डॉक्टर, एक महिला एक पुरुष, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. इथं रेशनकार्ड कोणी विचारत नाही, मूल अंगणवाडीत किंवा सरकारी-अनुदानित शाळेत आहे एवढं बास होतं.

तपासणी कशी होते ते सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं गाडी येते, सह्या होतात, गाडी जाते. अंगणवाडीत गेलो की आधी वजन-उंची, मग दंडाला टेप, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की ते तीव्र कुपोषित. मग डॉक्टर हृदयाचे ठोके ऐकतात आणि त्यासाठी पहिल्यांदा पंखा बंद करायला लावतात. सेविकाताई "तोंडावर बोट" म्हणतात आणि सगळी पोरं ओठावर बोट ठेवून डोळे मोठे करून बघत बसतात, आणि तेवढ्या शांततेत स्टेथो लावून ठोक्यासोबत फुस्स असा जादा आवाज येतोय का ते बघायचं. संशय आला की परत ऐकतात, पाठीकडनं ऐकतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात. मग आईला बोलावून विचारायचं, खेळता खेळता मधेच उकिडवी बसते का, सारखी छाती भरते का, अंगावर पीत होती तेव्हा कपाळाला घाम यायचा का. हे घामाचं त्या आईला तोपर्यंत कोणी विचारलेलं नसतं आणि तिला मात्र ते तंतोतंत आठवत असतं. "होय की, दूध सोडून सोडून प्यायची, उशी ओली व्हायची" असं एकीनं सांगितलं होतं, आणि त्या मुलीला खरंच छिद्र निघालं.

तर आरबीएसके शोधतं आणि पाठवतं. मोठ्या ऑपरेशनचा पैसा बहुतेक वेळा दुसरीकडून येतो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. ही २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपण नव्हतो, आपल्याकडं नोव्हेंबर २०१३ मध्ये आली आणि २०१७ ला नाव बदललं. सुरुवातीला घराला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. मग २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली पाच लाखांची, २०२० मध्ये राज्यात दोन्ही एकत्र जोडल्या आणि १ जुलै २०२४ पासून फुले योजनेतसुद्धा पाच लाख झाले, पिवळ्या-केशरीसोबत पांढरं कार्डही आत आलं. पण लक्षात घ्या, हे पाच लाख अख्ख्या घराचे. त्याच वर्षात आजोबांची बायपास झाली असेल तर नातीला उरलेल्यात बसावं लागतं. मुलासाठी वेगळी मर्यादा नाही आणि ती असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

चालवणारी संस्था म्हणजे राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबईला. जिल्ह्यात तिचा जिल्हा समन्वयक असतो आणि योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल. आरोग्यमित्र कागद बघून नोंदणी करतो, दवाखाना ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतो (सगळे याला प्रीऑथ म्हणतात), तिकडं बसलेले डॉक्टर रिपोर्ट तपासून होय-नाही कळवतात, मग ऑपरेशन, मग दवाखान्याचं बिल. इमर्जन्सी असली तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. आरबीएसकेचं घर वेगळं, ते राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं, जिल्ह्यात जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. अंगणवाडी महिला-बालविकासकडं, शाळा शिक्षण विभागाकडं, रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेकडं. आणि सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, कारण ते राजर्षी शाहू मेडिकल कॉलेजला जोडलेलं. याचा फरक पडतो का तर पडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत झालं, केसपेपरसुद्धा, पण तो निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या दवाखान्यांना नव्हता. गावाकडनं आलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालय आणि सीपीआर दोन्ही सरकारीच, एकीकडं पैसे लागत नाहीत आणि दुसरीकडं का लागतात हे तिला कोण समजावणार.

एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमही आहे, सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे औषधपाणी-तपासण्या-अॅम्ब्युलन्स फुकट. तुमच्या मुलीचं वय पुढं गेलंय म्हणून त्यात जात नाही.

आता देखरेख. पैशावर लक्ष कडक आहे, निदान यंत्रणा तरी आहे. प्रीऑथला डॉक्टर, बिलाला डॉक्टर, दवाखान्यांची ऑडिट, पैसे घेतले तर कारवाई, योजनेतून बाहेर काढायचा अधिकार, तक्रारीला जिल्हा पातळीवर समिती. वरून कॅगपण, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारी केंद्राची संस्था, बघतं. २०२३ मध्ये कॅगचा आयुष्मान भारतवरचा रिपोर्ट आला त्यात निघालं होतं की साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले, ज्याचे दहाही आकडे नऊ आहेत. बातम्या घोटाळा-घोटाळा म्हणून आल्या, बरोबरच आहे, पण मला त्यात दुसरंच दिसलं. त्या साडेसात लाखांत जी लहान पोरं असतील त्यांच्या आईबापाला उद्या फॉलोअपला बोलवायचं झालं तर फोन कोणाला लावणार?

कारण आमच्याकडं पोर हरवतं ते याच जागी. तपासणीत सापडलं आणि ऑपरेशनपर्यंत पोचलंच नाही. आरबीएसकेच्या रिपोर्टात किती तपासली, किती संदर्भित केली, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवली, हे असतं. योजनेच्या पोर्टलवर किती प्रीऑथ आल्या, किती बिलं झाली हे असतं. पण आमच्या रजिस्टरमध्ये मूल अंगणवाडी-शाळेच्या नावावर आणि तिकडं रेशनकार्ड किंवा आयुष्मान कार्डाच्या नंबरवर, त्यामुळं दोन याद्या आपोआप कधी जुळत नाहीत. जे पोर निघालं आणि पोचलं नाही ते दोन्हीकडच्या आकड्यांत बसून जातं, इकडं "संदर्भित" आणि तिकडं शून्य, कारण तिकडं ते आलेलंच नाही. मग ते शोधायचं काम आम्ही फोनवर करतो. माझ्या मोबाइलमधले निम्मे नंबर कुठल्या तरी वाडीवरच्या कोणाच्या तरी आईचे आहेत, पोराच्या नावानं सेव्ह केलेले, आणि त्यातले बरेच रिचार्ज संपून बंद पडलेले. मग आशाताईला सांगायचं, ती शेतात जाऊन गाठते.

न पोचायची कारणं पैशाची नसतात हे लोकांना खरं वाटत नाही. ऑपरेशन फुकट आहे पण आई दवाखान्यात राहिली तर घरात दुसरं लहान आहे त्याला कोण बघणार, वडील रोजंदारीवर, खाडा झाला की पगार नाही. आजीचं म्हणणं असतं की छिद्र आपोआप भरतं. यात तथ्य आहे म्हणून तर अवघड जातं, काही लहान छिद्रं खरंच वाढत्या वयात बंद होतात, पण कुठलं होईल आणि कुठलं नाही हे इको बघून हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, आणि त्यासाठी दर फॉलोअपला जायलाच लागतं. पोर वरून हसतं-खेळतं दिसतं म्हणून दोन वर्षं गेली आणि फुप्फुसावरचा दाब वाढला तर मग ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असू शकते. आमच्या भागात मी हे बघितलंय. त्यावर जास्त लिहवत नाही.

आणि ऊसतोडीची पोरं. दिवाळी झाली की बीड-धाराशिवकडच्या टोळ्या येतात, शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर सगळीकडं खोपी पडतात. पोरं ना गावाकडच्या अंगणवाडीत ना इथल्या. आम्ही फडावर जाऊन तपासतो, मुकादमाला आधी फोन करून, भल्या पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर कारण मधल्या वेळेत आई उसात असते. त्यात एखादं सापडतं, इकोची तारीख मिळते, आणि तोवर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळी गावाला जाते. रजिस्टरला आम्ही "स्थलांतरित" लिहितो आणि ओळ बंद होते. रेशनकार्ड राज्यातलं आहे म्हणजे योजना इथंही चालते आणि बीडलाही चालते, पैशाला जिल्ह्याची हद्द नाही. पाठपुराव्याला मात्र आहे. आम्ही तिकडच्या पथकाला फोन करतो, व्हॉट्सअपवर रिपोर्ट पाठवतो, ओळखीवर काम होतं, पण हे ओळखीवर का असावं? २०२३ मध्ये कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करायचा निर्णय झाला, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून योजना न्यायची तयारी सरकार दाखवू शकतं, मग एका पोराचा कागद कोल्हापुरातून बीडला पोचवणं अशक्य आहे असं मला नाही वाटत.

म्हणून देखरेख कोण करतं याला माझं उत्तर असं, की रुपयाची करणारे बरेच आहेत, पोराची करणारा एकच एक माणूस नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत टक्के विचारले जातात. माझं म्हणणं आहे नावं विचारा. या तिमाहीत हृदयासाठी, वाकड्या पायासाठी, फाटलेल्या ओठासाठी, ऐकू न येण्यासाठी पाठवलेली पोरं कोण कोण, त्यातलं कोण पोचलं नाही, का नाही, आणि आता कोण जाणार त्यांच्या घरी. एका तालुक्यात ही यादी काही फार मोठी होत नाही, एका पानावर मावेल. ऐकू न येणाऱ्याच्या बाबतीत तर वय निघून गेलं की मशीन बसवूनही बोलणं नीट येत नाही, तिथं एक-एक महिना मोलाचा. आणि ज्यांनी हे करायचं ते आम्ही सगळे कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पथकातला माणूस सोडून गेला की त्याच्या मोबाइलमधल्या त्या सगळ्या आयापण गेल्या. हे पगाराचं रडगाणं म्हणून लिहीत नाही, पोराच्या दृष्टीनं लिहितेय.

चिपवाल्यांचं सगळं आदर्श आहे असंही नाही. करोनाच्या काळात तिथं मेडिकेडमधून कोणाला काढायचं नाही असा नियम होता, तो २०२३ ला उठला आणि परत नूतनीकरण सुरू झाल्यावर पुष्कळ पोरं निव्वळ फॉर्म वेळेत न भरल्यानं बाहेर पडली. पण त्यांनी एक चांगलं केलं, १ जानेवारी २०२४ पासून सगळ्या राज्यांना सक्ती आहे की मूल एकदा आत आलं की वर्षभर आत, मधे बापाचा पगार वाढला-कमी झाला तरी. कागद मोठ्यांचा चुकला म्हणून पोराचे उपचार थांबायचे नाहीत, हे तत्त्व आपण घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडं आरोग्यमित्राच्या टेबलावर सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो नावावरून. रेशनकार्डावर मुलीचं नावच चढवलेलं नसतं, लग्न होऊन चार वर्षं झाली तरी आईचं नाव माहेरच्या कार्डावर, आधारवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं.

तर तुमच्या कामगाराला हे नीट सांगा. मुलीचं नाव कार्डावर नसेल तर आजच तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज टाका, पण त्याच्यासाठी दवाखान्याची तारीख पुढं ढकलू नका, लहान बाळाला जन्माचा दाखला, आईवडिलांचं रेशनकार्ड आणि आई किंवा वडिलांसोबतचा फोटो यावर नोंदणी करायची सोय आहे, आरोग्यमित्राला तसं सांगा. बाल आधार निळं असतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत, पटकन होतं.

दुसरं, तुम्ही फौंड्रीत आहात म्हणून, त्याच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि कापत असतील तर मुलीसाठी तोही रस्ता उघडा आहे, कार्डावर तिचं नाव जोडलेलं पाहिजे. शिरोली-गोकुळ शिरगावला ठेकेदाराकडून लागलेल्या पोरांचं कापतात की नाही हे त्यांनाच माहीत नसतं, पगाराची स्लिप बघा. हुपरीला घरात चांदीकाम करणारे किंवा इचलकरंजीत मागावर मोबदल्यानं काम करणारे यांना तर बहुतेक वेळा ही सोयच नसते, त्यांना फुले योजनाच.

योजनेत न बसणारं काही निघालं तर धर्मादाय दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायचा नियम आहे, उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला काढून ठेवा आणि दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटा, नाही ऐकलं तर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस.

आणि योजनेतून ऑपरेशन होत असताना कोणी "हे पॅकेजमध्ये येत नाही" म्हणून रोख पैसे मागितले तर भांडत बसू नका, आधी पावती मागा, मग तिथूनच फुले योजनेच्या १५५३८८ ला फोन लावा, आयुष्मानसाठी १४५५५ आहे, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि जिल्हा समन्वयकाला लेखी द्या. घरी सोडताना दहा दिवसांची औषधं पॅकेजमध्येच असतात ती मोजून घ्या, गावी परत जायचं एसटीचं भाडंही दवाखान्यानं द्यायचं असतं, ते बहुतेक जण मागतच नाहीत. मागा. आणि पुढच्या इकोची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.